नमुना आणल्याशिवाय माल नाही

तीस वर्षं ज्या माणसाने बिरवाडीजवळच्या कारखान्यात स्टोअर सांभाळलं, एक चुकीचा नट फाटकातून आत येऊ दिला नाही, त्याच माणसाच्या घरी चुकीचा माल यावा आणि तो त्याने स्वतः सही करून घ्यावा, याला काय म्हणायचं? भिकाजीराव सकपाळ याला कलियुग म्हणत. त्यांची बायको तुळजाबाई याला दुसरंच काहीतरी म्हणत, पण ते चारचौघांत सांगण्यासारखं नाही.

झालं असं, की भिकाजीरावांचा कॉम्प्युटर माळ्यावर कटकट वाजू लागला. आता कॉम्प्युटर माळ्यावर कशाला, असं महाडबाहेरचा माणूस विचारील. महाडचा नाही विचारणार. दोन हजार एकवीसच्या पुराचं पाणी भिंतीवर जिथवर चढलं होतं, तिथे तुळजाबाईंनी लाल ऑइलपेंटचा जाड पट्टा मारून घेतला होता आणि घरात कायदा केला होता, की विजेवर चालणारी एकही वस्तू या पट्ट्याखाली राहणार नाही. फ्रीजला सवलत होती, कारण तो कुणाच्याने उचलवत नव्हता. मिक्सर उंच फळीवर, त्यामुळे चटणी वाटायची ती स्टुलावर उभं राहून. टीव्ही छताला टेकलेला. बातम्या बघताना घरातली माणसं माना अशा वर करून बसत, की आलेल्या पाहुण्याला वाटावं इथे नवस बोलणं चाललंय. आणि कॉम्प्युटर माळ्यावर. भिकाजीराव रोज सकाळी शिडीने वर जात, बटण दाबत आणि तो सुरू होईपर्यंत वीस-पंचवीस मिनिटं मांडी घालून बसत. उभं राहायचं म्हटलं तर वासा डोक्यात बसे. तरी ते खूश होते. वीस-पंचवीस मिनिटं कुणी दळण आणा म्हणत नव्हतं, ही काय थोडी गोष्ट आहे?

तर हा कॉम्प्युटर वाजू लागला. पहिले दोन दिवस त्यांनी पाल आहे असं समजून दुर्लक्ष केलं. तिसऱ्या दिवशी शेजारच्या जलीलभाईंना वर बोलावलं. जलीलभाई अठरा वर्षं कुवेतला राहून आलेले, त्यामुळे जगातल्या कुठल्याही यंत्राबद्दल त्यांचं मत तयार असे. त्यांनी पेटीला कान लावला आणि डोळे मिटले.

"हार्ड डिस्क," ते म्हणाले. "जाणार. कुवेतला आमच्या हापिसात असाच आवाज आला होता. तिसऱ्या दिवशी खलास. एक कागद हाती लागला नाही."

"मग तुम्ही काय केलंत?"

"मी काय करणार? मी ड्रायव्हर होतो."

दुसरा कुठला कॉम्प्युटर असता तर भिकाजीरावांनी तो भंगारात देऊन हात झटकले असते. खरं तर पुराच्या आधी तो भंगारात द्यायचा म्हणूनच माळ्यावर टाकला होता. आणि लग्नाचे अल्बम मात्र काचेच्या शोकेसमध्ये, मखमली कव्हरात, मानाने ठेवलेले होते. पूर आला, मानाचे अल्बम चिखलात गेले आणि भंगारातली पेटी कोरडी राहिली. न्याय बघा! त्या पेटीत लग्नाचे सगळे फोटो होते, कारण मुलगी राजनंदिनी हिने कॉलेजच्या सुट्टीत बसून ते स्कॅन करून ठेवले होते. त्यातला एक फोटो तुळजाबाईंच्या वडिलांचा. पोलादपूरच्या वरच्या अंगाला डोंगरात राहणारा माणूस. उभ्या जन्मात कॅमेऱ्यासमोर एकदाच उभा राहिला, लेकीच्या लग्नात, आणि वर्षभरात गेला. त्यांचं दुसरं चित्र कुठेही नव्हतं.

 तुळजाबाई शिडी कधी चढल्याच नव्हत्या. गुडघे दुखतात, असं म्हणत. फक्त दिवसातून चार वेळा शिडीच्या पायथ्याशी येऊन विचारत, "वाजतंय का हो अजून?" भिकाजीरावांना बोलणी खायची सवय होती. हे असं हळू आवाजात विचारणं त्यांना सोसवेना.

राजनंदिनीला पुण्याला फोन लावला, तर ती वर तोंड करून म्हणाली, "बाबा, किती वेळा सांगितलं, फोटो इंटरनेटवर चढवून ठेवा म्हणून?"

"माझ्या लग्नाचे फोटो मी परक्याच्या गोदामात ठेवू? पावती कोण देणार?" भिकाजीराव कडाडले. स्टोअरकीपरचा जीव, पावतीशिवाय त्यांनी कुणाकडे छत्रीसुद्धा ठेवली नव्हती.

शेवटी ठरलं, की एसएसडी, म्हणजे नव्या जातीची डिस्क, घ्यायची आणि जुन्या डिस्कवरचं सगळं तिच्यावर उतरवायचं. ठरलं म्हणजे भिकाजीरावांनी ठरवलं, आणि जलीलभाईंनी ते गल्लीभर केलं. मग काय विचारता! ज्याला स्वतःच्या मोबाइलचा आवाज कमी करता येत नाही, तोसुद्धा दारात उभा राहून सल्ला देऊ लागला. दाढी करताना न्हाव्याने सांगितलं, पाचशे बारा जीबीच्या खाली जाऊ नका. दूधवाला म्हणाला, एक टीबी घ्या, पुन्हा पुन्हा कोण घेतंय. जणू काही पाण्याची टाकीच बसवायची होती. तुळजाबाईंनी एकच विचारलं, "पाण्यात गेली तर टिकते का?" आणि गंमत म्हणजे हा एक प्रश्न कुठल्याही जाहिरातीत सोडवलेला नव्हता.

भिकाजीराव पाच दिवस मोबाइलवर वाचत बसले. वाचलं तितकं डोकं फिरलं. एका ठिकाणी लिहिलेलं, अमुक जातीची चिप असेल तरच घ्या. दुसऱ्या ठिकाणी लिहिलेलं, ती जात बघून घाबरू नका. एका कंपनीने तर डिस्क किती लिहून झाल्यावर मरणार, तो आकडाही आधीच छापला होता. ज्या वस्तूच्या मरणाची तारीख दुकानदार सांगतो ती पैसे देऊन आणायची? आणि गिऱ्हाइकांचे अभिप्राय! एकाने पाचपैकी एक तारा दिला, का तर खोका चेपला होता. एकाने पाच तारे दिले आणि खाली लिहिलं, अजून लावून बघितली नाही. भिकाजीराव संतापाने लाल झाले. असल्या माणसाला त्यांनी स्टोअरच्या खिडकीतून आत बघूसुद्धा दिलं नसतं. त्यांनी वहीत अकरा रकान्यांचा तुलना तक्ता आखला. तो इतका सुंदर झाला, की त्यातून काहीच निवडता येईना.

तेवढ्यात मुंबईहून पुतण्या यशराजचा फोन आला. "काका, डोकं कशाला खाताय? सरळ एनव्हीएमई घ्या. सात हजारचा स्पीड आहे."

"सात हजार काय? सेकंदाला, मिनिटाला?"

"काका, फास्ट आहे. मी ऑर्डर टाकतो."

चार दिवसांनी खोका आला. भिकाजीरावांनी ओटीपी सांगितला, सही ठोकली आणि खोका घेऊन माळ्यावर गेले. आतून निघाली बोटभर लांबीची एक हिरवी पट्टी. च्युइंगमची वडी असते ना, तेवढी! त्यांनी खोका उलटा करून झटकला. बाकीचा माल आतच राहिला असेल असं त्यांना वाटलं. मग पेटीचं झाकण काढून, बॅटरी तोंडात धरून, ते तासभर त्या पट्टीला खाच शोधत बसले. खाच नव्हती. बारा-तेरा वर्षं जुन्या पेटीत ती असणारच नव्हती.

"काका, मदरबोर्ड जुना आहे होय?" यशराज म्हणाला. "आधी सांगायचं ना!"

आधी! ज्याने विचारायचं तो विचारत नाही, आणि ज्याला माहीत नाही त्याने आधी सांगायचं. भिकाजीरावांनी फोन ठेवला. तीस वर्षांत त्यांनी परत पाठवलेल्या मालाने दोन ट्रक भरले असते. आता सही त्यांची, माल चुकीचा.

परत पाठवायचा म्हटलं तर मोबाइलने कारण विचारलं. रंग आवडला नाही, कापड वेगळं निघालं, मापात बसत नाही. भिकाजीरावांनी 'मापात बसत नाही'वर बोट ठेवलं. त्यावर मोबाइलने विचारलं, घट्ट होते की सैल? तरी त्यांनी संयम ठेवला. मग निरोप आला, की उद्या नऊ ते सहा या वेळात आमचा माणूस वस्तू न्यायला येईल. भिकाजीराव नऊला उंबऱ्यावर खुर्ची टाकून बसले. जेवण तिथेच केलं. सहाला मोबाइल वाजला: 'आमचा प्रतिनिधी येऊन गेला. ग्राहक घरी आढळला नाही.' दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. त्यांनी फोन लावला.

"सर, सिस्टिममध्ये आपण घरी नाही आहात," पलीकडची बाई गोड आवाजात म्हणाली.

"अहो बाई, मी उंबऱ्यावर बसलोय! अख्खी गल्ली साक्षीला आहे!"

"हो सर, पण सिस्टिममध्ये आपण घरी नाही."

"मग तुमच्याशी हा बोलतोय तो कोण?"

बाईने माफी मागितली आणि संभाषण कसं वाटलं त्याला किती तारे द्याल, असं विचारलं.

इकडे माळ्यावर कॉम्प्युटरला सुरू व्हायला पन्नास मिनिटं लागू लागली. एके सकाळी तो नुसता निळा पडून राहिला. दुसऱ्यांदा बटण दाबल्यावर कसाबसा उघडला, पण तोवर भिकाजीरावांच्या पाठीला घाम फुटला होता. खालून आवाज आला, "वाजतंय का हो?" पहिल्यांदाच त्यांना वाटलं, वाजत राहू दे बाबा.

त्या दिवशी त्यांना आपली पाटी आठवली. स्टोअरच्या खिडकीवर त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलेली पाटी तीस वर्षं लटकत होती: 'नमुना आणल्याशिवाय माल मिळणार नाही.' बेअरिंग पाहिजे? तुटलेलं बेअरिंग घेऊन ये. वॉशर पाहिजे? जुना वॉशर दाखव. या एका नियमावर अख्खा कारखाना चालला. आणि आपण स्वतः काय केलं? नमुना न दाखवता पोराच्या सांगण्यावरून माल मागवला. छे छे! त्यांनी स्वतःलाच दोन शिव्या दिल्या, स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि जुनी हार्ड डिस्क पेटीतून काढली. चांगली विटेच्या तुकड्याएवढी, जड. नॅपकिनात गुंडाळून कापडी पिशवीत घातली.

जलीलभाईंच्या साडूचा मुलगा जुनैद याचं बिरवाडीला कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. कारखान्यांची कामं करणारा, वजनदार माणूस. "माझं नाव सांगा," जलीलभाई म्हणाले.

"आणि जाताना बाजारातल्या रखमाकडून सुकट घ्या," तुळजाबाई म्हणाल्या. "येताना ती उठून गेलेली असते. नाकाजवळ नेऊन बघा, नाहीतर मागच्यासारखी मातीची आणाल."

ही गोष्ट लक्षात ठेवा. माणूस जगातलं सगळ्यात मोलाचं सामान घेऊन निघालाय, आणि घरून त्याला सुकट सांगितली जाते! भिकाजीरावांनी हे नंतर निदान पन्नास जणांना ऐकवलं.

सहा आसनी मिनीडोर रिक्षाने ते बिरवाडीला उतरले, दुकानात गेले, जलीलभाईंचं नाव सांगितलं आणि रुबाबात म्हणाले, "मी उगाच तोंडी सांगत नाही. नमुना आणलाय." आणि पिशवीत हात घालून त्यांनी काउंटरवर ठेवली ती सुकटीची पुडी.

जुनैदने पुडीकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. "काका, हा माल आपल्याकडे नाही."

भिकाजीरावांनी पिशवी उलटी केली. नॅपकिन पडला. एक कोळंबी पडली. बाकी काही नाही.  त्यांनी जुनैदला फोटोंचं सांगितलं, सासऱ्यांचं सांगितलं. सांगताना आवाज असा काही फाटला, की जुनैदने शटर अर्धं खाली ओढलं आणि मोटारसायकल काढली. मिनीडोर नाक्यावर उभीच होती, भरून निघायच्या बेतात. सगळे उतारू खाली उतरवले, सीट उचलली, चटई झटकली. उतारूंनी उतरल्या उतरल्या सल्ले सुरू केले. एक म्हणाला पोलिसांत जा, एक म्हणाला देवाला कौल लावा. सीटखाली एक चप्पल आणि एक आधार कार्ड मिळालं, दोन्ही दुसऱ्याचं.

तेवढ्यात तुळजाबाईंचा फोन. "मिळाली का हो?"

"बघतोय," भिकाजीराव म्हणाले. त्यांच्या तोंडून खोटं निघेना.

"आणि सुकट?"

"ती मिळाली," ते म्हणाले, आणि म्हणता म्हणता त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. सुकट! रखमाने पुडी बांधली तेव्हा ती तळाशी नीट बसावी म्हणून पिशवी रिकामी केली होती. डिस्क नॅपकिनातून सोडवून क्षणभर तिच्या अंथरलेल्या प्लास्टिकवर ठेवली होती आणि नॅपकिन परत पिशवीत टाकला होता. तेवढ्यात मिनीडोरवाला ओरडला, "बिरवाडी, एकच सीट!" आणि ते धावले होते.

महाडपर्यंत ते मोटारसायकलवर मागे बसून देवाचं नाव घेत होते आणि मधे मधे मिनीडोरवाल्याचा उद्धार करत होते. रखमा आपल्या जागी होती. समोर प्लास्टिकच्या फारीवर सुकटीचा ढीग, तिन्ही कोपऱ्यांवर दगड, आणि चौथ्या कोपऱ्यावर, ढिगात अर्धी रुतलेली, भिकाजीरावांची हार्ड डिस्क.

"तुमचा हाय होय ता?" रखमा म्हणाली. "सकाळपास्ना वारा हाय, फारी उडतंय नुसता. म्हटला, देवानंच वजन धाडला."

"अहो बाई, ते वजन नाही! त्यात माझे सासरे आहेत!"

रखमाने आधी डिस्ककडे बघितलं, मग जुनैदकडे. जुनैदने मान हलवली. "भंगारवाला दोनदा इचारून गेला," ती म्हणाली. "दिला नाय मी. म्हटला, ज्याचा हाय तो येल. पन ह्यात मावला कसा रे तो माणूस?"

ती पोट धरून हसली. भिकाजीरावांना तिचा रागही आला आणि तिच्या पाया पडावंसंही वाटलं. त्यांनी दोन्ही न करता आणखी पाव किलो सुकट घेतली.

जुनैदने डिस्क हातात घेतली, वास घेतला, नंबर वाचला आणि बजावलं, "काका, आता ही घरी न्या आणि कुठे हलवू नका. हिला एक धक्का बसला तर संपलं. मी उद्या सकाळी माल घेऊन येतो." तो शब्दाचा पक्का निघाला. नऊला दारात हजर. शिडी चढला, माळ्यावर रांगत गेला आणि खोक्यातून एसएसडी काढून भिकाजीरावांच्या हातात दिली.

भिकाजीरावांनी ती नमुन्याशेजारी धरली. निम्मीसुद्धा नव्हती. पत्त्याच्या कॅटएवढी, आणि वजन म्हणाल तर सुपारीएवढं. त्यांच्या कपाळावर आठ्या चढल्या. "नमुन्याप्रमाणे नाही. परत घेऊन जा."

"काका, हीच बसते."

"तीस वर्षं मी माल तपासलाय. नमुना हा असा, माल हा असा. दिवसाढवळ्या फसवतोस?"

"काका, हिचं अंग नाही बघायचं, तोंड बघायचं," जुनैद शांतपणे म्हणाला. "केबल कुठे लागते ते बघा." त्याने दोन्ही डिस्का उलट्या करून तोंडाला तोंड लावून दाखवल्या. खाचा हुबेहूब सारख्या. भिकाजीरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. तीस वर्षांचा नियम आपल्या डोळ्यांदेखत पाडला जातोय आणि पाडणारा बरोबर आहे, यासारखं दुःख नाही. "लाव," ते म्हणाले.

फोटो उतरायला लागले. माळ्यावर दोघांचीच जागा, म्हणून जलीलभाई शिडीच्या मधल्या पायरीवर उभे राहून पडद्यावरचा आकडा खाली सांगत होते. "चाळीस टक्के... एकावन्न... एकसष्ट..." एकसष्टवर आकडा थांबला. डिस्क कटकट, कटकट, कटकट वाजली आणि गप्प झाली. जलीलभाई काहीतरी कुवेतचं सांगायला तोंड उघडत होते, पण खाली बघून त्यांनी ते मिटलं. तुळजाबाई शिडीचे दोन्ही बांबू घट्ट धरून उभ्या होत्या.  मग डिस्क पुन्हा एकदा वाजली. "बासष्ट," जलीलभाई हळूच म्हणाले.

दुपारी सगळं उतरलं. जुनैदने जुनी डिस्क काढून नवी जोडली, बटण दाबलं, आणि भिकाजीराव सवयीने मांडी घालून बसतात न बसतात तोच पडदा उजळला. अकरा सेकंद. त्यांनी फोटोंची फाइल उघडली. एक, दोन, सात... आणि ते आले. डोक्याला फेटा, खांद्यावर उपरणं, कॅमेरेवाल्याकडे असं बघताहेत जणू तो घरात शिरलेला चोर आहे.

"अगं, आले!" भिकाजीराव ओरडले. "तुझे बाबा आले!"

शिडी करकरली. जलीलभाई घाईघाईने खाली उतरून बाजूला झाले, जुनैद कोपऱ्यात सरकला. पहिल्यांदाच तुळजाबाई वर येत होत्या, एकेका पायरीला "आई गं" म्हणत. रांगत पुढे आल्या, पडद्यासमोर बसल्या आणि डोक्यावर पदर ओढून घेतला.

"रागावलेत," त्या म्हणाल्या.

"कॅमेरेवाल्यावर."

"तुमच्यावर. तेव्हाच ओळखलं होतं त्यांनी." आणि त्यांनी पदराने डोळे पुसले. मग नाक पुसता पुसता म्हणाल्या, "अकरा सेकंदांत लागतो ना हो आता? उद्यापासून दळणाला लवकर निघता येईल."

भिकाजीराव काहीतरी झणझणीत बोलणार होते. तीस वर्षं, सही, पाटी, उंबरा, सगळं जिभेवर तयार होतं. इतक्यात पुन्हा मोबाइल वाजला: 'ग्राहक घरी आढळला नाही.' त्यांनी तो उलटा करून ठेवला. हातात जुनी डिस्क होती. ती ते भंगारासाठी खाली टाकणार, तर तुळजाबाईंनी हात पुढे करून घेतली, नाकाजवळ नेली आणि डोळे मिटले.

"सुकटीचा वास येतोय."

"अगं, त्याचं काय झालं, काल रखमाकडे..."

"कळलं मला. जुनैदने सांगितलं." त्यांनी डिस्क पदरात गुंडाळून लाल पट्ट्याच्या वर, वाशाजवळच्या फळीवर ठेवली. "सुकटीशिवाय बाबांना भात उतरत नसे. दोन तास तिच्यात बसून आले, बरं झालं. उतरा आता, मी भात लावते. जुनैद, जेवून जा रे."